हंगामी नेमबाज

१

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शंभू शुगर वर्क्सच्या फाटकावर एक सूचना लागली : कुंडलिक, पहारेकरी (हंगामी), यास गैरवर्तनाबद्दल कामावरून कमी करण्यात आले असून त्याने आपली खोली तात्काळ रिकामी करावी.

सूचनेतल्या जवळजवळ प्रत्येक शब्दाला खोटेपणाची बाधा झालेली होती. कुंडलिकने आयुष्यात कधी पहारा केला नव्हता. तो बास्केटबॉल खेळे. बारामती आणि इंदापूर यांच्या दरम्यान नीरेच्या कालव्यावर उभ्या असलेल्या या कारखान्याने चार वर्षांपूर्वी एक संघ पदरी बाळगला. गाळपाचा हंगाम सुरू झाला की खेळाडू येत, गाळप संपून पट्टा पडला की जात. हजेरीपटावर कोणी पहारेकरी असे, कोणी काटेवाला, कोणी भट्टीवरचा मदतनीस. पगार घेऊन खेळणे त्या काळी असभ्य समजले जाई; म्हणून पगार घेऊन पहारा न करणे हे सभ्य ठरले होते.

१९५७ च्या हंगामाअखेर संघ प्रथमच आपले मैदान सोडून चषकाच्या अंतिम सामन्यासाठी पुण्याला गेला आणि एका गुणाने हरला. कुंडलिक हा संघाचा नेमबाज. त्या दिवशी त्याने लांबून टाकलेला एकही चेंडू कडीतून गेला नाही. गाडी बारामतीला पोहोचायच्या आत कुंडलिकने सामना विकला अशी वार्ता तिथे पोहोचली होती. वार्तेला तिकीट लागत नाही.

कारखान्याचे मालक आप्पासाहेब यांनी मोहनरावांना बोलावून घेतले. मोहनराव बारामतीच्या शाळेत संस्कृत शिकवत आणि क्रीडामंडळाच्या वतीने पंचाचे काम करत. अठ्ठावन्न वर्षांचा, दम्याने खंगलेला हा गृहस्थ रात्री न्यायशास्त्राच्या पोथ्या वाचे आणि दिवसा माणसे त्या पोथ्यांतला प्रत्येक दोष कसा नेमाने करतात हे पाहत असे. पुण्याच्या सामन्यालाही शिट्टी त्यांचीच होती.

“मोहनराव, फार शोध नको,” आप्पासाहेब म्हणाले. “तुम्ही तिथं होता. पोरगं खेळलंच न्हाय, एवढं मंडळाकडून लिहून द्या. परवा आमच्या बैठकीत एका खेळाडूला कायम करायचंय. त्याआधी ही घाण निघाली पाहिजे.”

“कायम कोणाला करणार होता?”

“कुंडलिकलाच. आता बिरदेवला. कप्तान हाय, चार हंगाम इमानानं खेळला. पुण्यात आपले जे काय गुण झाले ते त्याचेच.”

मोहनरावांनी पुढ्यातला कागद उलटा करून ठेवला.

“धूर दिसला की अग्नीचे अनुमान करावे, हे ठीक. पण आप्पासाहेब, तुम्ही धुके पाहून आगीचा बंब बोलावता आहात. तो मुलगा चुकत होता हे मी पाहिले. कुठे चुकत होता तेही पाहिले. चेंडू दर वेळी कडीच्या पुढच्या काठावर आपटत होता. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, फळ्यावर नाही. मुद्दाम चुकणारा माणूस इतक्या शिस्तीने चुकत नाही.”

२

कुंडलिक खोलीच्या उंबऱ्यावर बसला होता. ट्रंक बाहेर काढलेली, तिच्यावर कॅनव्हासच्या पांढऱ्या बुटांची नवी जोडी. शेजारच्या खोल्यांची दारे लावलेली होती. कालपर्यंत याच दारांतून त्याला चहा येत असे.

“हेच ते बूट?” मोहनरावांनी विचारले. पुण्याच्या कप्तानाने सामन्याआधी कुंडलिकला बाजूला नेले आणि परतताना त्याच्या पायांत नवे बूट होते, एवढ्या भांडवलावर गावाने खटला चालवून संपवला होता.

“व्हय. माझ्या बुटाचा तळ सुटला, गुरुजी. सुतळीनं बांधत हुतो. त्यो पुण्याचा गडी म्हणाला, असं खेळू नको, पाय मुरगळंल. त्याच्याकडं जोड जादा हुता. परत करायचा हुता, तर आप्पासाहेबांनी बोलवून घेतलं.”

“बूट नवे, म्हणून नेम चुकला?”

“बूट पायात असत्यात गुरुजी, नेम हातात.” तो कष्टाने हसला. मग हसू विझले. “आईला सांगितलंय औंदा कायम हुतोय. सुप्याची कोरडी जमीन सोडून हितं खोलीत राहायला ये म्हणून. ती बोचकं बांधून बसलीय. आता तिला काय सांगू? नोकरी गेली हे सांगंन. पण पोरगा इकला गेला, हे तिला दुसऱ्यानं सांगितलं तर?”

“आधी कुठे खेळत होतास?”

“कुठं न्हाय. शाळेत कबड्डी. हितं आलो तवा पयल्यांदा चेंडू हातात धरला. जे शिकलो ते ह्याच मैदानात.”

“पुण्यात काय झाले?”

कुंडलिकने मनगट वाकवून रोजची फेक हवेत करून पाहिली.

“तुमी हसाल. हात रोजच्यासारखा सुटत हुता. चेंडू रोजच्यासारखा जात हुता. पण पोचत न्हवता. कुणीतरी कडी वर वढून घेतल्यागत वाटत हुतं.”

मोहनराव हसले नाहीत. पुण्यातली कडी त्यांनी सामन्याआधी स्वतः मोजली होती. ती बरोबर दहा फुटांवर होती.

३

मैदान कारखान्याच्या धुराड्याच्या सावलीत होते. फडातली तोडणी संपली होती. ऊसतोड्यांच्या कोपी, पाचटाच्या झोपड्या, मोडल्या जात होत्या, आणि मळीचा आंबूस वास जायला जागा नसल्यासारखा हवेत बसून राहिला होता. मोहनराव प्रेक्षकांच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर टेकले. सर्वांत खालच्या पायरीवर बसून त्यांनी पाय जमिनीवर ठेवले, तर गुडघे हनुवटीशी आले. चार वर्षांपूर्वी, मैदानाच्या उद्घाटनाला, ते पुढच्याच रांगेत बसले होते; तेव्हा अशी बैठक झाल्याचे त्यांना आठवेना. वयाने माणसाचे गुडघे वर येतात असे वैद्यकात कुठे लिहिलेले नाही.

मैदान सारवणाऱ्या बायकांची मुकादम प्रयागबाई रिकाम्या पाट्या एकात एक घालत होती.

“प्रयागबाई, खालची पायरी एवढीच उंच होती?”

“न्हाय. निम्मी आमीच पुरली की,” ती सहज म्हणाली. “दर सामन्याला पाव्हणं यायचं, म्हणून भट्टीची राख, वर मुरूम, वर शेणसडा. अंगण नको का नीट दिसाया?”

“आधीचा थर खरवडत नाही?”

“अगं बया! मालकांनी नारळ फोडून भूमी पुजलीया हितं. पुजल्या जागंवर कुदळ मारायची व्हय? घालायचं ते वरनं घालायचं.”

“आणि सामने आपण जिंकत गेलो.”

“मग! पुण्याईच ना ती,” प्रयागबाई म्हणाली, आणि मोहनरावांना तिच्या निरागसपणाचा हेवा वाटला. चार वर्षे अर्धी पायरी गिळून जमीन वर येत होती, आणि खांबावर बसवलेली कडी मात्र होती तिथेच होती. या मैदानात कडी दहा फुटांवर नव्हती. ती सुमारे सात इंच खाली होती. संघ ‘घरचा वाघ’ म्हणून गाजला. घरच उंचावत होते, हे वाघाला कोणी सांगितले नव्हते.

इथवर अपराध कोणाचाच नव्हता. मोहनरावांनी तेवढ्यावर थांबायला हवे होते, दमेकऱ्याने तरी. परंतु त्यांना एक अडचण आठवली. फेब्रुवारीत, उपांत्य सामन्याच्या आदल्या संध्याकाळी, सोलापूरच्या पाहुण्या संघाने हरकत घेतली होती : आमचे चेंडू फळ्यावर आपटून परत येतात, तुमची कडी तपासा. दुसऱ्या सकाळी पंचांनी कारखान्याची मापाची काठी लावली, आणि कडी बरोबर दहा फूट भरली. पाहुण्यांनी माफी मागितली होती.

मैदानावर देखरेख करणारा म्हस्कू कोठीतून ती काठी घेऊन आला. सरळ, पिवळा, जाड बांबू. वरच्या टोकाला मंडळाचा डागाचा शिक्का.

“खालच्या टोकाला लोखंडी टोपण होते,” मोहनराव म्हणाले. “उद्घाटनाला मी हीच काठी टेकवली होती. खणकन वाजली होती.”

म्हस्कूने काठी उलटी केली आणि त्याचा चेहरा उतरला. टोपण नव्हते. टोक करवतीने कापलेले होते, आणि कापलेली जागा अजून बांबूच्या पाठीइतकी जुनी झालेली नव्हती.

४

“सोलापूरवाल्यांची हरकत त्या संध्याकाळी कोणाकोणाला कळली?”

“हरकत कप्तानाकडं देत्यात. बिरदेवनं आप्पासाहेबांना सांगितलं, मला काठी काढून ठेवाया सांगितलं. कोठीची किल्ली खुंटीला असती, कुणीबी घेतंय,” म्हस्कू घाबरून म्हणाला. “गुरुजी, आईची आण, मी न्हाय कापली.”

“तू कापली नाहीस हे मला ठाऊक आहे. कापली असतीस, तर ती आज माझ्या हातात दिली नसतीस.”

बिरदेव वखारीच्या ओसरीवर साखरेच्या पोत्यांना टेकून बिडी ओढत होता. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, गुडघ्याला कायमची पट्टी. मोहनरावांना पाहून त्याने बिडी विझवली.

“या मास्तर. कुंडलिकचं वाईट झालं. धाकट्या भावागत हुता. पण संघापुढं भाऊ न्हाय.”

“तू पुण्यात फार छान खेळलास.”

“कप्तान हाय मी. कुणीतरी खेळाय पायजे का न्हाय?”

“संघातल्या बाकीच्या सगळ्यांचे चेंडू त्या दिवशी आखूड पडले. कुंडलिक जास्त टाकतो म्हणून त्याचे दिसले, इतरांचे कोणी पाहिले नाहीत. तुझा एकही आखूड पडला नाही.”

“अनुभव, मास्तर.”

“कुठला? चारही हंगाम तू याच मैदानात सराव केलास.”

बिरदेवने विझलेली बिडी पुन्हा तोंडात धरली. “हंगाम संपला की मी कळंबला जातो. तितं मळ्यात थोडंफार हात मोकळं करतो. उगं आपलं.”

“उगं आपलं,” मोहनरावांनी मान डोलावली. त्यांनी आणखी काही विचारले नाही. दुपारची एस.टी. इंदापूरच्या बाजूने जात होती; ते तिच्यात चढले तेव्हा बिरदेव ओसरीवर उभा राहून गाडीवरची पाटी वाचत होता.

५

कळंबच्या मळ्यात वांग्यांना पाणी सुरू होते. बिरदेवची बायको सारजा दार धरत होती, म्हणजे एका वाफ्याचे तोंड बुजवून दुसऱ्याचे उघडत होती. बारामतीचे मास्तर घरी आले म्हटल्यावर तिने खोरे टाकले आणि पदराला हात पुसले.

“बसा दादा. धनी कारखान्यावर हायती. आता म्हणं कायम हुणार. मग पोरांना घिऊन तिकडंच जायचं. चार वरसं झाली, सहा महिने नवरा अन् सहा महिने पावणा!” ती स्वतःच्याच विनोदावर हसली, आणि मोहनरावांना त्या क्षणी परत जावेसे वाटले.

विहिरीजवळच्या कडुनिंबाला एक फळी ठोकली होती आणि फळीला बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव वाकवून केलेली कडी. झाडाखालची जमीन पायांनी तुडवून टणक झालेली.

“हे कधी केले?”

“गेल्या उन्हाळ्यात. दिसभर चेंडू टाकीत बसत्यात. म्हटलं, येड लागलं का? तर म्हणत्यात, हितली कडी खरी हाय.”

मोहनराव झाडाला हात टेकून उभे राहिले. एक करडू धावत आले आणि दोरीने हिसका खाऊन थांबले. दोरी ज्या खुंटीला होती तिच्याकडे त्यांनी पाहिले. वीतभराहून थोडी कमी, पिवळ्या बांबूची. ती उपटली तेव्हा जमिनीतून लोखंडी टोपण बाहेर आले, झिजून चकचकीत झालेले.

“ही खुंटी मी नेऊ का?”

“न्या की. मोडक्या काठीचं टोक हाय, धन्यांनी आणलं. नामी बसतंय भुईत.” मग तिच्या आवाजात काहीतरी बदलले. “दादा, काय वंगाळ झालंय का?”

मोहनरावांनी उत्तरासाठी आयुष्यभराचे वाचन चाळले. त्यात एकही उपयोगी वाक्य नव्हते.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधी कुंडलिककडे गेले.

“तू निर्दोष आहेस हे मी सिद्ध करू शकतो,” ते म्हणाले. “पण नीट ऐक. तसे केले तर या मैदानावर जिंकलेले सगळे सामने रद्द होतील. चषक परत जातील. हा सर्वांत मोठा नेमबाज, अशी जी तुझी कीर्ती आहे ती बुटक्या कडीवरची ठरेल. मी गप्प राहिलो तर तू सामना विकणारा, पण मोठा नेमबाज राहशील. लिहिले तर प्रामाणिक राहशील, आणि नेमबाज आहेस की नाही हे कोणालाच ठाऊक नसेल. तुलासुद्धा.”

कुंडलिकने ट्रंकेवरचे बूट उचलले, पुन्हा ठेवले. तीन हंगाम लोकांनी त्याला खांद्यावर घेतले होते. तेवढ्यापुरते त्याचे पाय जमिनीवर नव्हते, आणि जमीन तर मुळातच जागेवर नव्हती.

“लिवा,” तो म्हणाला. “आईला नेमातलं काय कळत न्हाय, गुरुजी. इकलं म्हणजे काय, ते कळतं.”

आप्पासाहेब, बिरदेव, म्हस्कू आणि प्रयागबाई खांबाजवळ जमले. मोहनरावांनी म्हस्कूकडून मापाची काठी घेतली आणि खांबाशी उभी केली. टोक कडीला अचूक भिडले.

“बरोबर हाय की,” आप्पासाहेब म्हणाले.

“बरोबर आहे, कारण दोन्ही सारखेच खोटे आहेत.” मोहनरावांनी झोळीतून खुंटी काढली आणि काठीच्या कापलेल्या टोकाला लावली. बांबूची रेघ रेघेला मिळाली. कुंडलिकने सुतळीने सांधा बांधला. सुतळी बांधण्याचा त्याला ताजा सराव होता. जोडलेली काठी पुन्हा उभी केली, तेव्हा तिचे टोक कडीच्या वर गेले आणि चांगले लांबूनही सगळ्यांना दिसले.

“जमीन वर आली ती भक्तीने. त्यात कोणाचा दोष नाही,” मोहनराव थंडपणे म्हणाले. “काठी कापली ती मात्र ज्ञानाने. पाहुण्यांची हरकत आल्यावर एका रात्रीत, नेमकी जेवढी जमीन चढली तेवढीच. म्हणजे कापणाऱ्याने हे अंतर आधीच मोजलेले होते. हरकत तिघांना माहीत होती. म्हस्कूने कापली असती तर तो काठी जाळून मोकळा झाला असता. आप्पासाहेब, तुम्हाला कडीचे ठाऊक असते तर अंतिम सामना पुण्यात खेळायला तुम्ही जन्मात कबूल झाला नसता. ज्याला ठाऊक होते त्याने खऱ्या उंचीचा सराव केला असणार, आणि खऱ्या उंचीवर त्याचे चेंडू पडले असणार. पुण्यात कोण चुकले हा प्रश्न आपण सगळे विचारत होतो. कोण चुकला नाही, हा प्रश्न विचारायला हवा होता.”

कोणी बिरदेवकडे पाहिले नाही. तोच खुंटीकडे पाहत होता.

“करडू कशाला बांधलंय आता तिनं?” त्याने विचारले.

“दुसऱ्या खुंटीला.”

“गेल्या साली पुण्यात एका संघात घेत्यात का बघाया गेलो हुतो, मास्तर. एक चेंडू पडला न्हाय. हसले लोक. म्हटलं हात गेला. मग हितं येऊन मापलं.” तो खाली बसला, पट्टीचा पाय लांब करून. “मी चेंडू घातलं, ह्यो गुन्हा झाला व्हय?”

“नाही. तुला ठाऊक होते आणि तू सांगितले नाहीस, इथपर्यंतही मी समजू शकतो. पण त्याचे का चुकले हे जगात फक्त तुला माहीत होते. आणि परतीच्या गाडीत, मी शेजारच्या बाकावर असताना, पहिल्यांदा तूच म्हणालास की बूट बघा.”

“जागा एकच हुती. कायमची. चार साल हंगामी म्हणून काढली. गुडघा अजून एक हंगाम टिकंल.” मग त्याने कुंडलिककडे पाहिले. “तू तरणा हाईस. तुला कुणीबी घेईल असं वाटलं मला.”

“इकलेल्याला कोण घेतंय, दादा?” कुंडलिक म्हणाला.

बिरदेव उठला आणि कळंबच्या रस्त्याला लागला. त्याला थांबवावे असे कोणाला वाटले नाही. त्याच्यावर ओरडावे असेही नाही.

आप्पासाहेबांनी मोहनरावांना बाजूला घेतले. पोराची सूचना काढतो, बिरदेवला कमी करतो, पण हे मैदानाचे मंडळाला कळवायलाच हवे का? चषकांशेजारी पाहुण्यांचे फोटो काढलेले आहेत.

“काढलेले फोटो राहू द्या,” मोहनराव म्हणाले. “खालची पायरी पूर्ण दिसते त्यांत. पुरावा म्हणून लागतील.”

संध्याकाळपर्यंत सूचना फाटकावरून उतरली. चषक साखरेच्या पोत्यांत भरून बारामतीला मंडळाकडे रवाना झाले. कायमची जागा मात्र त्या साली कोणालाच मिळाली नाही. आप्पासाहेबांना एकाएकी काटकसर सुचली. कुंडलिकची खोली राहिली, ती पुढच्या हंगामापुरती. दुपारच्या एस.टी.ने तो आईला आणायला सुप्याला जाणार होता, तो गेला नाही. तो कुदळ शोधत होता.

“पुजली जागा हाय रं,” प्रयागबाई म्हणाली. तिने खांबाकडे पाहिले, पायरीकडे पाहिले, मग कुदळ त्याच्या हाती दिली. “पयला घाव तू घाल. पाप लागलं तर तुला लागू दे, आता तसाबी लई निर्दोष ठरलाईस.”

राख, मुरूम, शेण. राख, मुरूम, शेण. चार हंगाम थराथराने निघाले. तिसऱ्या दिवशी बायकांनी खालची पायरी पूर्ण मोकळी करून झाडून काढली. मोहनराव तिच्यावर बसले. या वेळी गुडघे जागेवर होते.

कुंडलिकने पुण्याच्या गड्याचे बूट पुसून पिशवीत ठेवले आणि अनवाणी रेषेवर उभा राहिला. त्याने चेंडू टाकला. तो कडीच्या पुढच्या काठावर आपटून परत आला. दुसराही तिथेच आपटला. तिसराही.

त्याने मागे वळून पाहिले नाही. प्रयागबाई पाटीवर बसून तंबाखू मळत होती.

“टाक की,” ती म्हणाली. “हंगाम संपलाय. आता कुणाला घाई हाय?”